दहा मिनिटांची पेटी

स्क्रीन काळा झाला तेव्हा मी 'शाळेच्या जडणघडणीत' या शब्दांपाशी होते. डोक्यावरचा पंखा दोन गिरक्या मारून थांबला आणि बाहेर ओट्यावरून मामंजींचा आवाज आला, "गेली."

हे मला सांगायची काही गरज नव्हती. पण वीज गेली की "गेली" आणि आली की "आली" असं जाहीर करणं हे माझ्या सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं. बोर्डात लाइनमन म्हणून लागून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी ही एक ड्यूटी त्यांनी सोडली नव्हती.

"मामा, मी सेव्ह करत होते हो आत्ता," मी आतूनच ओरडले. "सगळी फाइल गेली असणार."

"येती गं. बोर्ड काय गाव सोडून गेलंय व्हय?"

"बोर्ड नाही, माझी फाइल गेली."

"बटणं बंद कर सगळी," ते म्हणाले.

बटणं बंद करणं हा आमच्या घरातला कायदा होता. लाइट परत येताना दणका देऊन येते आणि त्यात वस्तू जळतात, म्हणून ती गेली की घरातलं प्रत्येक बटण बंद करायचं. ओट्यावरचा बल्ब तेवढा चालू ठेवायचा. तो पेटला की मामंजी म्हणणार "आली", आणि मग आम्ही आत एकेक बटण दाबणार. गल्लीतल्या बायकाही मामंजींचं "आली" ऐकूनच दळणाचे डबे घेऊन गिरणीकडे निघायच्या.

ही वडूजची गोष्ट आहे, भारनियमनाच्या काळातली. लाइट वेळापत्रकाप्रमाणे जायची ती जायचीच, वर वेळापत्रकाबाहेर मनाला येईल तेव्हा जायची. अशा गावात मी घरी कॉम्प्युटर लावून मराठी टायपिंगची कामं घेत होते. माझ्या नवऱ्याने, प्रमोदने, कसल्याशा कोर्ससाठी तो कॉम्प्युटर घेतला होता. कोर्स झाला, प्रमोदला चाकणला नोकरी लागली, आणि कॉम्प्युटर व मी वडूजला राहिलो. लग्नाआधी मी कराडला टायपिंग शिकले होते. म्हणून आधी लग्नपत्रिका, मग पतसंस्थेचा अहवाल असं करत करत हायस्कूलच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं.

ते काम मला हवं होतं. फार हवं होतं. ते पार पडलं असतं तर शाळांची, संस्थांची कामं पुढे मिळाली असती. नाही तर कॉम्प्युटर चाकणच्या एका मित्राला विकून टाकायचं प्रमोदने जवळजवळ ठरवलं होतं. "नुसता धूळ खातोय," असं तो फोनवर म्हणायचा. आणि आणखी एक होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत आमच्या दारात येऊन "हेमा आहे का?" असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे "फडतऱ्यांची सून आहे का?" असंच विचारायचे. स्मरणिकेचे संपादक देशमाने सर पहिल्यांदा आले ते "हेमाताई आहेत का?" असं विचारत.

त्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. निवृत्त मुख्याध्यापक, पांढराशुभ्र लेंगा, आणि बोलताना समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं अशी वाक्यं.

"हेमाताई, संपादकीय झालं का टाइप?"

"झालं होतं सर."

"होतं म्हणजे?"

मी सांगितलं. दर पानाला सेव्ह करायची सवय मला लागली होती. पण नेमकं सेव्ह करत असताना लाइट गेली की फाइल नासायची, आणि मग ती उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं आणि चौकोन दिसायचे. सरांच्या संपादकीयाचे असे दुसऱ्यांदा चौकोन झाले होते.

सर ओट्यावर बसले. मामंजी शेजारीच होते. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या.

"मला वाईट वाटतं सांगायला," सर म्हणाले, "पण असं चाललं तर मला हे काम कराडच्या प्रेसकडे द्यावं लागेल. समारंभाची तारीख पुढे ढकलता येणार नाही. तुम्ही कॉम्प्युटरसाठी ती बॅटरीची पेटी का घेत नाही? यूपीएस म्हणतात तिला."

मी मामंजींकडे बघायचं टाळलं. आमच्या घरात बॅटरीचा विषय काढायची सोय नव्हती.

"घेतो म्हणलं तर घिऊ की," मामंजी म्हणाले. "पण कशाला? वेळापत्रक पाठ हाय मला. मी तिला आधी सांगतो, उठ म्हणून."

"फोरमनसाहेब," सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या बोर्डाच्या भरवशावर सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढायची, तर ती हीरकमहोत्सवालाच हातात पडेल."

आत्या फिस्सकन हसल्या. मामंजी हसले नाहीत. उठून आत गेले आणि सर जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

खरं तर एव्हाना आमच्या गल्लीत घरोघर इन्व्हर्टर आले होते. समोरच्या शेडग्यांनी सगळ्यात आधी घेतला. त्यांचं किराणा दुकान, त्यामुळे त्यांना कशाचीच वाट बघावी लागत नसे. पूर्वी लाइट गेली की आख्खी गल्ली ओट्यांवर यायची. इन्व्हर्टर आले तशी माणसं घरातच पंख्याखाली बसायला लागली. आत्या तर लाइट गेली की पदर खोचून सरळ शेडग्यांकडे मालिका बघायला जायच्या. मामंजींना त्याचा राग यायचा, पण मालिकेपुढे नवरा म्हणजे किस झाड की पत्ती. मग ओट्यावर उरायचो मामंजी आणि मी. मी भाजी निवडायची आणि त्यांनी म्हसवडच्या माळावर खांब कसे उभे केले ते सांगायचं. ते खांब माझ्यासमोर इतक्या वेळा उभे राहिले होते की त्यांचे खड्डे मी स्वतः खणल्यासारखे मला माहीत होते.

"बोर्डातल्या माणसाच्या घरात बॅटरीवर दिवा लावायचा," इन्व्हर्टरचा विषय निघाला की ते म्हणायचे, "म्हंजे शिंप्यानं लोकाचा सदरा घालून हिंडल्यागत."

त्यामुळे सर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी ठाकठीक करून माझ्यापुढे उभे राहिले तेव्हा मला काही कळेना.

"चल कराडला. ती पेटी आणू. तुला एकटीला गंडवतील."

त्यांच्या पिशवीत होल्डरला लावलेला शंभर वॅटचा बल्ब होता, वायर आणि पिनसकट. नोकरीत असताना लाइन तपासायला ते तो वापरायचे.

आत्याही निघाल्या. इन्व्हर्टरची बाजू मांडायला कुणीतरी हवंच होतं.

एस.टी.त त्यांनी ती मांडलीही. "घ्यायचंच तर एकदाच मोठं घ्या. कॉम्प्युटर चालंल, पंखा चालंल, टीव्ही चालंल. नुसत्या कॉम्प्युटरला पेटी म्हंजे लग्नाला जाऊन नुसतं पाणी पिऊन आल्यागत."

मामंजी खिडकीबाहेरचे खांब बघत होते. ते नेहमीच खांब बघत प्रवास करायचे.

कराडला तांबोळींचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मालक तरुण, बोलायला गोड. आत्यांनी आत पाऊल टाकल्या टाकल्या इन्व्हर्टर मागितला. तांबोळींनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं, "काकू, घराला इन्व्हर्टर छानच. पण लाइट गेली की तो चालू व्हायला क्षणभर घेतो. पंख्याला तेवढं चालतं. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडतो आणि केलेलं काम जातं. यूपीएस तो क्षणही जाऊ देत नाही."

"बघा आत्या," मी म्हटलं.

"आन टीव्ही?"

"टीव्ही यूपीएसवर लावायचा नाही, काकू."

आत्यांचा दुकानातला रस तिथेच संपला. त्या रस्त्यावरची रहदारी बघत बसल्या.

तांबोळींनी काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. एक भलीमोठी, तिला बाहेरून आणखी बॅटरी जोडता येत होती. ती तासभर चालेल म्हणाले. दुसरी मधली, अर्ध्या तासाची. तिसरी लहान, डब्याएवढी.

मामंजींनी बल्ब काढला, होल्डर पेटीला जोडला. बल्ब पेटला. "आता मेन बंद करा," ते म्हणाले.

"काका, नुसती पिन काढली तरी—"

पण मामंजी तोवर भिंतीवरच्या बोर्डापाशी पोचले होते. खटकन मेन स्विच खाली आला. दुकान काळोखात गेलं, आतल्या खोलीत कुणीतरी "अरे" म्हणालं, आणि शेजारच्या सलूनमधून गळ्यात पांढरं फडकं बांधलेला एक गृहस्थ बाहेर आला. त्याच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती, उजवी व्हायची होती. दोन्ही दुकानं एकाच मीटरवर होती.

शंभराचा बल्ब मात्र ठणठणीत जळत होता.

"चांगलाय माल," मामंजी म्हणाले.

"काका, लाइट चालू करा," तांबोळी म्हणाले.

"करतो. जरा बघू तर दे."

सलूनवाला, त्याचं गिऱ्हाईक, आत्या, सगळे मिळून तो बल्ब बघत उभे राहिलो. मला हसू आवरेना. शेवटी आत्यांनीच उठून मेन वर केला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याही थोडंफार लाइनचं काम शिकल्या होत्या.

माझं मन अर्ध्या तासाच्या पेटीवर बसलं होतं. पैशाची अडचण नव्हती, प्रमोद दर महिन्याला पाठवायचा त्यातले साठले होते, आणि अर्ध्या तासात एक लेख सहज पुरा होतो. मी तसं म्हणणार, तेवढ्यात मामंजींनी लहान पेटीवर हात ठेवला.

"ही किती वेळ देती?"

"जास्तीत जास्त दहा मिनिटं. काम सेव्ह करायचं आणि नीट बंद करायचं, तेवढ्यापुरती आहे ती."

"बास. हीच द्या."

तांबोळींना वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "काका, लोक जास्त वेळाची मागतात."

"लोकांस्नी पायजे आसंल."

"मामा," मी म्हटलं, "अर्ध्या तासाची घेऊ ना. मधेच उठावं लागत नाही मग."

"दहा मिनिटांत सेव्ह हुतं का न्हाई?"

"होतं, पण—"

"फाइल नासती का?"

"नाही नासत, पण—"

"मग झालं तर."

दुकानदारापुढे सासऱ्यांशी हुज्जत घालायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी पैसे काढून दिले. येताना एस.टी.त मात्र राहवलं नाही. "मामा, असं का केलंत?" मी विचारलं.

ते खांबांकडे बघतच म्हणाले, "दहा मिनिटं म्हंजे अडचण. अर्धा तास म्हंजे अविश्वास. बोर्डात नोकरी केलीया मी."

मला राग आला होता. इकडे माझं काम, तिकडे त्यांच्या बोर्डाची अब्रू, आणि तराजूत अब्रू जड भरली. आत्या तर म्हणाल्याच, "ढोल आणायला गेलो आन टिमकी घिऊन आलो." घरी पोचेपर्यंत आम्ही तिघंही तीन दिशांना बघत होतो.

पेटी काम मात्र चोख करायची. लाइट गेली की ती टीं टीं असं ओरडायला लागायची, आणि मी चालू असलेलं वाक्य पुरं करून, सेव्ह करून, कॉम्प्युटर बंद करून उठायची. आत्यांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. "वरडली बघ तुझी टिटवी," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या आणि शेडग्यांकडे निघायच्या. मी ओट्यावर जाऊन बसायची. म्हसवडचे खांब पुन्हा उभे राहायला लागायचे.

त्यानंतर एकही फाइल नासली नाही. देशमाने सरांचं संपादकीय झालं, माजी विद्यार्थ्यांचे लेख झाले, शेडग्यांचासुद्धा 'शाळा आणि मी' नावाचा लेख झाला. शेवटचं वाचन तेवढं राहिलं. सगळी पानं मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायची, चुका दुरुस्त करायच्या आणि सीडीवर घालून सरांच्या हातात द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने ते छपाईला जाणार होते. छापखान्याने तीच वेळ दिली होती. चुकली तर मागे दिवाळी अंकांची रांग होती, आणि मग समारंभ स्मरणिकेविनाच झाला असता.

दुपारी मोठा आवाज झाला. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, फटाक्यासारखा.

"गेली," मामंजी म्हणाले. मग थोडं थांबून, "डीपी उडाली."

टिटवी ओरडायला लागली. मी सेव्ह केलं, कॉम्प्युटर बंद केला, बटणं बंद केली आणि ओट्यावर येऊन बसले. मामंजी ऑफिसला फोन करत होते. पलीकडच्या साहेबाला ते कोण, कधी निवृत्त झाले, कुणाच्या हाताखाली होते, सगळं सांगून झालं. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"उद्या सकाळशिवाय न्हाई म्हंत्यात."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. "सकाळी सर गाडीत बसलेले असतील, मामा. झालं. आता घेऊन जा म्हणावं प्रमोदला तो कॉम्प्युटर."

"आगं—"

"मोठी पेटी घेतली असती तर निदान थोडं तरी झालं असतं. तुम्हाला बोर्डाची पडली होती."

इतकं मी त्यांना कधी बोलले नव्हते. आत्यांनी फोडलेली शेंग तशीच हातात धरली. मामंजी काही वेळ टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. मग उठले, आत गेले, माळ्यावर काहीतरी खडखडलं, आणि ते खांद्यावर जाड वायरचं वेटोळं घेऊन बाहेर आले. चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून शेडग्यांच्या दारात गेले.

"सदाशिव, आत हाय का?"

शेडगे बाहेर आले. मामंजींना आपल्या दारात बघून ते जरा गडबडले. इन्व्हर्टर घेतल्यापासून मामंजी त्यांच्या उंबऱ्याशी फिरकले नव्हते.

"अण्णा, तुम्ही?"

"तुझ्या बॅटरीवरनं एक लाइन पायजे. पोरीच्या कॉम्प्युटरला."

गल्लीतल्या दोनचार खिडक्या उघडल्या.

शेडग्यांना आयतीच संधी होती. "अण्णा, तुम्ही तर म्हणायचा, शिंप्यानं लोकाचा सदरा—"

"म्हणायचो. आज घालतो तुझा सदरा. दे."

"माझा लेख हाय न्हवं त्यात?" शेडग्यांनी विचारलं.

"हाय. दिवा दिलास तर छापून येतोय."

मग मामंजींनी शेडग्यांच्या खिडकीच्या गजापासून आमच्या खिडकीच्या गजापर्यंत वायर ओढली. टेम्पो खालून जाईल इतकी उंच, दोन्हीकडे गाठ मारून, मधे झोळ येऊ न देता. या वयात शिडीवर चढले. खाली आत्या शिडी धरून आयुष्यभराची बोलणी त्यांना ऐकवत होत्या. बघायला माणसं जमली. इतकी माणसं ओट्यांवर मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

वायर पेटीला जोडली. कॉम्प्युटर सुरू झाला. टिटवी गप्प राहिली.

"सगळं एकटीनं हुईल का?" मामंजींनी दारातूनच विचारलं. हे ते अधूनमधून विचारायचे आणि मी दर वेळी "नको मामा, तुम्ही बसा बाहेर" म्हणायची. त्या दिवशी म्हटलं, "नाही होणार. तुम्ही मूळ कागद वाचा, मी स्क्रीनवर बघते."

त्यांनी चष्मा लावला, स्टूल ओढलं. त्याच वायरवर टेबलावरचा लहान दिवा लावला होता, तेवढाच उजेड होता. त्यांनी खिडकी लावून घेतली, वायरपुरती फट ठेवून, डास येतात म्हणून. आणि वाचायला लागले. बोर्डाची नोटीस वाचावी तसे, एकेक अक्षर वेगळं काढून. मी स्वल्पविरामही सांगा म्हटलं होतं, तर ते स्वल्पविरामही तितक्याच ठणठणीत आवाजात सांगायचे.

"माझ्या जीवनाला आकार दिला, स्वल्पविराम, तो या शाळेने, पूर्णविराम. आगं, हा तर बाबर मास्तराचा पोरगा न्हवं का? हा कधी शाळंत जायाचा? मी लाइटीच्या डांबावरनं बघायचो, नदीला पोहायला असायचा."

"मामा, पुढे."

"या शाळेच्या ज्ञानदीपाने, स्वल्पविराम... ज्ञानदीप कसला? लाइट कुठं हुती तवा शाळंला?"

मी हसले. पुढच्या लेखातही ज्ञानदीप होता. त्याच्या पुढच्या लेखातही होता. मामंजी प्रत्येक ज्ञानदीपाला किती वॅटचा असेल ते सांगायला लागले. शेडग्यांचा लेख आला तेव्हा तर आम्ही दोघं इतके हसलो की मला दुरुस्तीची जागा सापडेना. मुख्याध्यापकांचे निरोप, सहली, एकाच बाकाबद्दल चार जणांनी लिहिलेल्या आठवणी. मधेच ते म्हसवडच्या माळाचं काहीतरी सांगायला लागले, आणि त्यात एक नवीनच गोष्ट निघाली. खांब उभा करताना खड्ड्याच्या काठावर बसून ते रडले होते, नोकरीचा पहिला आठवडा, घरची आठवण येऊन. हे त्यांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मी टायपिंग थांबवून ऐकलं. मग त्यांनीच म्हटलं, "चल, वाच पुढं. म्हंजे मी वाचतो."

एकदा पाणी प्यायला ते उठले. येताना त्यांनी दार लोटून घेतलं आणि पुन्हा स्टुलावर बसले.

शेवटचं पान झालं. आभार, पूर्णविराम. मी सीडी लिहायला टाकली आणि खुर्चीत मागे रेलले. ती सीडी सकाळी सरांच्या गाडीत बसली, स्मरणिका वेळेवर निघाली, आणि कॉम्प्युटर विकायची भाषा आमच्या घरात पुन्हा कुणी केली नाही. पण ते सगळं नंतर. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की काम झालं आहे, आणि संध्याकाळभर इतकं हसल्याने गाल दुखताहेत.

तेवढ्यात दार ढकलून आत्या आल्या. शेडग्यांकडून, मालिका संपवून. उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई, अंधारात काय बसलाय दोघं?"

"लाइट कुठंय आत्या?"

"कुठं म्हंजे? सगळ्या गल्लीत लखलखाट झालाय. आपल्या वट्यावर बल्ब पेटलाय. शेडग्याकडं कळतच न्हाई बघ, आली काय आन गेली काय. आत्ता बाहेर पडले तवा दिसलं. शेजारची पारू म्हंती, बोर्डाची माणसं कवाच डीपी करून गेली. तिचं दळणसुद्धा झालं."

मी उठून बटण दाबलं. ट्यूब दोनदा डोळे मिचकावून लागली.

मामंजी कागदांच्या कडा जुळवत होते. फार मन लावून जुळवत होते.

"मामा, तुम्ही पाणी प्यायला गेला होता. ओट्यावरचा बल्ब दिसला असेल ना?"

"दिसला आसंल."

"मग 'आली' का नाही म्हणालात?"

"काम चाललं हुतं. मधीच कशाला."

"अहो, पण लाइट आली म्हणून काम थोडंच थांबलं असतं?"

"काम नसतं थांबलं," आत्या म्हणाल्या. "तू म्हणली असतीस, बास मामा, आता मी बघते, तुम्ही बसा बाहेर. दर वेळी म्हंतीस तसं."

"तू गप गं," मामंजी म्हणाले.

"का गप? त्या टिटवीचंबी तेच." आत्या माझ्याकडे वळल्या. "तुला काय वाटलं, बोर्डाच्या अब्रूसाठी घेतली व्हय ती दहा मिनिटांची? मीबी भांडले कराडास्नं आल्यावर. तर मला म्हंत्यात, दहा मिनिटांत पोरीचं काम वाचतं आन मग ती उठून बाहेर येती. मोठी पेटी आणली, तर बाहेर कशाला येईल ती?"

ट्यूबच्या उजेडात मला मामंजींचा चेहरा नीट दिसत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. "वायर गुंडाळून द्यायला पायजे सदाशिवची," असं काहीतरी पुटपुटत ते उठले. वायर त्यांचीच होती. पिन काढली, खिडकी उघडली, गाठ सोडली आणि बाहेर निघून गेले.

टिटवी टीं टीं करायला लागली. मी सीडी पाकिटात घातली. कॉम्प्युटर बंद केला. समोर शेडग्यांच्या घरात टीव्ही चालू होता, रस्त्यावरचे दिवे लागले होते, गल्लीतल्या घराघरांतून मिक्सरचे आणि पंख्यांचे आवाज येत होते. मामंजी वायरचं वेटोळं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते, आणि आत्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

मी बाहेर आले तसं मामंजींनी वर बघितलं.

"लाइट हाय की," ते म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं, आणि आत्यांना थोडं सरकायला लावून दोघांच्या मधे बसले.